सातव्या खांबापर्यंत

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार नको,
विजेच्या सातव्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं दोन मागांमधल्या बोळात
मी रोज आठ तास चाललोय.
कुणी अंतर मोजलं असतं
तर काश्मीर बघून आलो असतो.
पोचलो कुठवर, तर भोंग्यापर्यंत.

तेव्हा ऑक्टोबर होता.
साखर पेठेतल्या पत्र्यांवर ऊन अजून भाकऱ्या भाजत होतं,
संध्याकाळी सहालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबावरनंच वळलो.
सातवणीचा वास तेवढा पुढं गेला, थेट कोपऱ्यापर्यंत.
त्याच्या गुडघ्याला काय झालंय.

चौथ्या खांबाशी अजून एक कारखाना चालतो.
खटक-खटक, खटक-खटक.
आत जायची गरज नाही,
रस्त्यावरनं कळतं, आतला तिसरा माग लंगडतोय.
उभा राहतो.
खिशातल्या खिशात बोटं आपोआप
तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात
आणि मग सापडते फक्त बसची जुनी तिकिटं.

दिवाळी झाली.
आकाशकंदील उतरले, एखादा विसरून तारेवरच राहिला,
फाटका, झिरमिळ्या हलवत.
मी पाचव्या खांबापर्यंत आलो होतो.
तिथं राजव्वा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
बोटं पानावर, डोळे रस्त्यावर.
"आज उशीर केलात की हो मामा."
उशीर नाही बाई,
सूर्यच हल्ली अर्ध्या पाळीत घरी जातोय.
"त्याचा पगार कोण कापतंय," म्हणाली,
आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

मग एका पहाटे नळाचं पाणी दातांना लागलं.
त्या दिवसापासनं मी सकाळचा निघतो,
कानाला मफलर, पायात जावयाचे जुने बूट.
दस्तगीरच्या गाड्यावर
कप दोन्ही हातांनी धरणारी माणसं वाढलीत.
उन्हाळ्यात हीच माणसं तो दोन बोटांत धरतात.
बघितलंय मी. मला दुसरं काम काय?
नळाखालच्या ओल्या फरशीवर एक धोबी पक्षी येतो,
शेपूट वर-खाली, वर-खाली.
म्हणे हिमालय ओलांडून येतात हे.
एवढं उडून आला
आणि चार फरश्यांवर फिरतोय दिवसभर.
मी त्याच्या वाटेत पाय टाकत नाही.

परवा सहाव्या खांबासमोर
एका गच्चीवर ट्रंकेतल्या चादरी उन्हात घातल्या होत्या.
डांबरगोळ्यांचा वास खाली रस्त्यापर्यंत.
तांबडी चादर, मोरांची जोडी.
उजवीकडच्या मोराच्या पिसाऱ्यात
एक डोळा फुटका.

ओळखलं मी.
रात्रपाळी होती.
भूदेवीला दवाखान्यात ठेवलेलं, निरोप यायचा होता,
माझं लक्ष सगळं दाराकडं.
ताण्याचे दोन धागे कधी तुटले, कळलंच नाही.
मुकादमानं चार रुपये कापले.
मला वाटलं होतं, फुटका माल, गेला असेल
कुठल्या तरी गाडीच्या टपावर, पोत्यांखाली.
आणि हा इथं, माझ्या घरापासनं सहा खांबांवर,
कुणाकुणाच्या अंगावर इतके हिवाळे घालवून
ऊन खात पडलेला.

बाई काठीनं धूळ झटकत होती. मोराला दोन बसल्या.
"काय बघताय, काका?"
काही नाही म्हटलं. ऊन बरं पडलंय आज.
"हां, पडलंय की," म्हणाली, आणि चादर उलटी केली.

सातवा खांब राहिला तो राहिलाच.
दिसतो तिथनं, पोस्टरं चिकटलेला,
खाली बुचाची फुलं पडलेली, झाडलेली नाहीत.
जाईन उद्या. नाहीतर पौषात.

घरी येऊन सुगुणाला फोन लावला, भिवंडीला.
म्हटलं, थंडी पडली का गं तिकडं?
"नाही हो बाबा, इथं कुठली थंडी."
म्हटलं, तरी चादरी काढून ठेव.
उन्हात घाल एकदा.
आणि नीट बघ.
"काय बघू?"
बघ गं नुसती, म्हटलं,
आणि बूट काढायला खाली बसलो.